समाधान मानण्यावर असतं म्हणे. पण मानायचं कसं?

माजिवडा_नाका (धागाकर्ता)

समाधान मानण्यावर असतं, हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही प्रसंगाला चालतं. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा मावत नाही म्हणून कुरकुरणाऱ्याला तेच ऐकवतात आणि आजारपण, कर्ज, बेकारी यांनी पिचलेल्यालाही तेच. माझ्या मते पहिल्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत अन्यायाचं. आपण बहुतेक जण या दोघांच्या मधे कुठेतरी असतो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. दिवसभरात लक्ष कशावर खिळतं, आपण स्वतःला कुणाशी ताडून पाहतो आणि "असं झालंच पाहिजे" हा हट्ट किती गोष्टींबाबत धरतो, या तीन सवयी मिळून माणसाचा दृष्टिकोन बनतो. सवयी आहेत म्हणजे त्या बदलता येतात, पण त्यासाठी कृती लागते. सुविचार वाचून त्या बदलत नाहीत.

विचारायचं आहे ते हे:
१) सुखात परिस्थितीचा वाटा किती आणि दृष्टिकोनाचा किती, याबद्दल ठामपणे काय सांगता येतं?
२) सरावाच्या कोणत्या पद्धती खरंच उपयोगी पडतात? किती वेळ, किती दिवस, आणि त्या कुठे फसतात?
३) दृष्टिकोन बाजूला ठेवून सरळ परिस्थिती बदलायला लागावं, हे कधी ओळखायचं?

ठाणे-नवी मुंबईतल्या रोजच्या जगण्याला धरून लिहिलंत तर फार बरं.

तलावपाळी

विषय आवडला. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. वाचतोय.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नावर. ५०-१०-४० हे समीकरण सगळीकडे फिरत असतं: सुखात जनुकांचा वाटा ५०%, परिस्थितीचा १०% आणि उरलेला ४०% आपल्या हातात. ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड या अमेरिकी अभ्यासकांनी ते २००५ मध्ये मांडलं. हे आकडे एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाचे आहेत. एका माणसाच्या सुखाची ती वाटणी नाही. त्यामुळे "तुझ्या दुःखात परिस्थितीचा वाटा जेमतेम १०%" असं कुणालाही सांगता येत नाही. शिवाय ४०% कुणी मोजलेले नव्हते, ते वजाबाकी करून उरलेले होते. ल्युबोमिर्स्की आणि शेल्डन यांनीच पुढे तो आकडा जास्त धरला गेल्याचं मान्य केलं.

लॉटरीच्या अभ्यासाचंही तसंच. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी २२ लॉटरीविजेते, त्यांच्याच भागातले २२ इतर लोक आणि अपघातात लुळे झालेले २९ जण यांना सध्याचं सुख ० ते ५ च्या पट्टीवर विचारलं. विजेत्यांची सरासरी ४.००, इतरांची ३.८२, अपघातग्रस्तांची २.९६. "वर्षभरात सगळे पुन्हा सारखेच सुखी होतात" असं जे सांगतात, ते या आकड्यांत कुठेच नाही. विजेते फारसे वर गेले नाहीत हे खरं. अपघातग्रस्त मात्र स्पष्टपणे खाली होते. लोकांना वाटेल तितके खाली नव्हते, एवढंच. त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: विजेत्यांना मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद ऐकणं अशा साध्या गोष्टींतून मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी झालेला होता.

चांगल्या गोष्टींची सवय लवकर होते, वाईटांपैकी काहींची होते आणि काहींची कधीच होत नाही. कशाची सवय होते आणि कशाची होत नाही, हे कळलं की तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

ऐरोली_लोकल

@आकडेमोड, न होणाऱ्या सवयीचं उत्तम उदाहरण म्हणजे प्रवास. काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदला दिवस तुकड्यातुकड्यांत लिहून घेतला आणि प्रत्येक तुकड्याला कसं वाटत होतं ते विचारलं. सगळ्यात कमी आनंदाचा तुकडा निघाला सकाळी कामावर जाण्याचा. स्टुट्झर आणि फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीची आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाच्या बदल्यात लोकांना मोठं घर किंवा जास्त पगार मिळत होता, तरी समाधानाचा हिशेब जुळत नव्हता.

यामागचं कारण अनिश्चितता. हॉल लहान असेल तर तो रोज तेवढाच लहान असतो, मन त्याला सरावतं. घोडबंदर रस्त्याने कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत आज २५ मिनिटं लागतील की सव्वा तास, हे मात्र सकाळी कळत नाही. ज्याचा अंदाज येत नाही, त्याला मन सरावत नाही. म्हणून मी म्हणेन की प्रवासाच्या बाबतीत दृष्टिकोन शेवटी, आधी व्यवस्था:

वेळ कमी करता येत नसेल तर आधी तिची चढउतार कमी करा. वीस मिनिटं जास्त लागणारा पण रोज तेवढाच लागणारा मार्ग बऱ्याचदा कमी थकवतो. ट्रान्स-हार्बर मार्गावरची लोकल बसपेक्षा गर्दीची असली तरी ठाणे ते वाशी किती वेळ लागणार हे माहीत असतं. कार्यालयात वेळेची लवचीकता असेल तर अर्धा तास आधी निघण्यापेक्षा तासभर आधी निघणं फायद्याचं, कारण अर्ध्या तासाने आपण गर्दीच्या ऐन टोकावर सापडतो. आठवड्यात एक दिवस घरून काम मिळणार असेल तर शुक्रवारपेक्षा बुधवार मागावा. सलग दोनच दिवस प्रवास होतो आणि आठवडा मधोमध तुटतो.

साधा_डबा

सकाळी नऊच्या पनवेल गाडीत कोणता दृष्टिकोन ठेवावा?

तलावपाळी

मिळाला तर खिडकीचा.

विवेकी_वाचक

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. धागाकर्त्याने "झालंच पाहिजे" या हट्टाचा उल्लेख केलाय, तो आरईबीटीचा, म्हणजे विवेकनिष्ठ विचारांवर भर देणाऱ्या मानसोपचार पद्धतीचा, गाभा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेमुळे आपल्या भागात ती बऱ्याच जणांच्या परिचयाची आहे. तरीही प्रत्यक्ष कागदावर ती कशी करायची हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून देतो. बढतीच्या यादीत नाव नाही, असं धरू.

घटना. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच लिहायचं. "साहेबांनी माझी लायकी काढली" ही घटना नव्हे, तो अर्थ झाला. "सोमवारच्या मीटिंगमध्ये सहा नावं वाचली, त्यात माझं नव्हतं" ही घटना.

मनातलं वाक्य. इथे खणावं लागतं. वरवर सापडतं "हे बरोबर नाही झालं". त्याखाली बहुधा असतं "माझं नाव यायलाच हवं होतं. नाही आलं म्हणजे माझी इथे काडीची किंमत नाही. आता लोकांना तोंड कसं दाखवू?" यात तीन वेगळी वाक्यं आहेत, तिन्ही वेगळ्या ओळींवर लिहायची.

परिणाम. भावना एका शब्दात आणि तिला ० ते १०० मध्ये आकडा. राग ८०, लाज ७०. शिवाय वागण्यात काय झालं: झोप उडाली, घरी मुलांवर ओरडणं झालं.

मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न. पुरावा काय? एकातून दुसरं खरंच निघतं का? आणि हे धरून ठेवल्याने माझं काम पुढे सरकतं का? "नाव यायलाच हवं होतं" याला पुरावा नसतो. नाव यावं अशी इच्छा होती, हा एवढाच पुरावा. यादीत नाव नसणं यातून किंमत शून्य असणं निघत नाही, कारण यादी ठरवताना जागा, सेवाज्येष्ठता, विभागाचं बजेट हेही असतं.

नवं वाक्य: "नाव यावं असं मनापासून वाटत होतं. आलं नाही, याचं वाईट वाटतंय आणि ते वाटणारच. पण यावरून माझ्या कामाचा निकाल लागत नाही. निकष काय होते ते या आठवड्यात विचारतो."

शेवटी भावनांना पुन्हा आकडे द्यायचे. राग ८० वरून ४० वर आला तर सराव चांगला झाला. तो शून्यावर आला तर बहुधा आपण स्वतःला फसवलंय.

सगळ्यात जास्त फसतं ते नवं वाक्य लिहिताना. "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं लिहून लोक मोकळे होतात. त्या वाक्यावर आपला विश्वास किती, तेही ० ते १०० मध्ये लिहा. ५० च्या खाली असेल तर वाक्य खोडून अधिक खरं लिहा. गोड नसलं तरी चालेल. दुसरी चूक म्हणजे हे डोक्यातल्या डोक्यात करणं. डोक्यात केलं की पाचव्या मिनिटाला आपण पुन्हा मीटिंगमध्येच असतो. कागद हवाच. एका प्रसंगाला १५ ते २० मिनिटं पुरतात.

शीळफाटा

वाचनखूण साठवली.

पांडवकडा

मला मूळ मांडणीवरच आक्षेप आहे. वरचं उदाहरण बढतीचं आहे म्हणून गोड वाटतं. तळोज्याच्या कंत्राटी कामगाराला बारा तासांची पाळी आहे, ओव्हरटाइम बुडवलाय, भविष्यनिर्वाह निधी भरला जात नाही. त्याला कागद-पेन्सिल द्यायची? "वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट" २०१२ पासून निघतो. देशादेशांतला फरक ज्या सहा गोष्टींनी समजावतात त्या अशा: दरडोई उत्पन्न, अडीअडचणीला कुणी आहे का, निरोगी आयुर्मान, आयुष्यातले निर्णय घेण्याची मोकळीक, दातृत्व आणि भ्रष्टाचाराची जाणीव. फिनलंड २०१८ पासून पहिला आहे, भारत २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वा. त्या सहांत दृष्टिकोन कुठेय? समाधानाची शिकवण खालच्यालाच का दिली जाते, हा माझा सवाल आहे.

विवेकी_वाचक

@पांडवकडा, कामगाराच्या उदाहरणात तुमच्याशी पूर्ण सहमत. पण ही पद्धत अन्याय सोसायला शिकवत नाही. तिच्यात मूळ घटनाच बदलता येत असेल तर बदलावीच, असं स्पष्ट आहे. ९० वर पोचलेला राग माणसाला मुकादमाच्या अंगावर धावून जायला लावतो आणि त्याचीच नोकरी जाते. ५० वरचा राग त्याला पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला, हजेरीचे फोटो काढायला, पाच जण जमवून लेखी तक्रार द्यायला लावतो. भावना बोथट करायची नाही, कामाला लागेल इतपत आणायची.

आकडेमोड

@पांडवकडा, एक बारकावा. त्या सहा गोष्टी देशादेशांतला फरक सांगतात. एकाच इमारतीत, साधारण एकाच उत्पन्नाच्या दोन कुटुंबांत जो फरक दिसतो, तो त्यांनी कळत नाही. तिथे स्वभाव, नाती, आरोग्य आणि सवयी जास्त बोलतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सरकारने पहिल्याकडे बघावं, माणसाने दोन्हीकडे.

पांडवकडा

हे पटलं. "दोन्हीकडे" हा शब्द महत्त्वाचा.

पारसिक_पायथा

तुलनेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. १९९८ मध्ये सोलनिक आणि हेमेनवे यांनी लोकांना विचारलं: तुम्हाला ५०,००० डॉलर आणि बाकीच्यांना २५,००० असं जग हवं, की तुम्हाला १,००,००० आणि बाकीच्यांना २,००,०००? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. साधारण निम्म्यांनी पहिलं निवडलं. म्हणजे हातात कमी आलं तरी चालेल, शेजाऱ्यापेक्षा जास्त हवं.

ऑलिंपिकचं उदाहरणही प्रसिद्ध आहे. १९९२ च्या बार्सिलोनाच्या चित्रफिती तपासल्या तर कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा आनंदी दिसले. रौप्यवाला सुवर्णाकडे बघतो, कांस्यवाला चौथ्या क्रमांकाकडे.

उपाय म्हणून "तुलना करू नका" सांगणं फुकट आहे, तुलना थांबत नाही. तिची सामग्री बदलता येते. तीन ठोस गोष्टी:

सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर कुणाच्या मुलाचे टक्के, कुणाची नवी गाडी, कुणाची परदेशवारी येते. ग्रुप सोडायची गरज नाही. तो म्यूट करून संग्रहात टाका आणि दिवसातून एकदा, जेवणानंतर बघा. सकाळी उठल्याउठल्या नको, तेव्हा दिवसाचा सूर ठरतो.

ज्याच्याशी तुलना होते त्याचा पूर्ण हिशेब मांडा. नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावरचा फ्लॅट दिसतो, त्याचा हप्ता, देखभाल खर्च आणि त्यासाठी घरी दोघांनी घातलेले तास दिसत नाहीत. अर्धाच हिशेब घेऊन जळू नये.

तिसरं, स्वतःच्याच पाच वर्षांपूर्वीच्या स्थितीशी तुलना लिहून ठेवा: पगार, कर्ज, तब्येत, किती जणांशी मनमोकळं बोलता येतं. वर्षातून एकदा पुरे. इथे लोक चुकतात ते पैशाचेच आकडे लिहून. शेवटचा रकाना सोडू नका.

सोसायटी_सेक्रेटरी

@पारसिक_पायथा, "शाळेचे टक्के" वाचून आमच्या इमारतीचा ग्रुपच डोळ्यासमोर आला. दुसरा मुद्दा प्रिंट काढून लिफ्टमध्ये लावण्यासारखा आहे.

घर_शोधतोय

मग घर घेताना हे कसं लावायचं? खारघर, उलवे, घोडबंदर, सगळीकडे पर्याय इतके आहेत की कुठलंही घेतलं तरी दुसरं बरं होतं असं वाटणारच.

पुरेसं_म्हणजे_पुरेसं

@घर_शोधतोय, हा तर अभ्यासलेला प्रश्न आहे. "सर्वोत्तम" शोधणारे आणि "पुरेसं चांगलं" मिळालं की थांबणारे, असा फरक हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात मांडला. २००६ मध्ये आयंगार, वेल्स आणि श्वार्ट्झ यांनी नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवर तो तपासला. सर्वोत्तम शोधणाऱ्यांना सुरुवातीचा पगार साधारण २०% जास्त मिळाला, आणि तरीही ते आपल्या नोकरीवर कमी समाधानी होते.

घरासाठी असं करा. पहिला फ्लॅट बघण्याआधी, बघितल्यावर नव्हे, चार अटी लिहा आणि घरातल्या सगळ्यांच्या त्यावर सह्या घ्या. उदाहरणार्थ: स्टेशन किंवा रोजच्या बसथांब्यापासून चालत १५ मिनिटांच्या आत, हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या ४०% पेक्षा कमी, पाण्याचा भरवसा (वॉचमनला आणि दोन रहिवाशांना विचारून, बिल्डरला नव्हे), एका तरी खोलीत दिवसा दिवा न लावता वाचता येईल एवढा उजेड. दोन "असलं तर बरं" अटी वेगळ्या. जास्तीत जास्त दहा घरं बघायची असं ठरवा. चारही अटी पूर्ण करणारं पहिलं घर आलं की कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्या आणि थांबा.

फसतं कुठे? पाचव्या घराला मोठी बाल्कनी दिसते आणि यादीत पाचवी अट घुसते. नवी अट घालायची तर जुनी एक काढायची, असा नियम ठेवा. आणि टोकन दिल्याच्या दिवशी मालमत्तेची सगळी अॅप फोनमधून काढून टाका, दलालांना निरोप द्या. घर घेतल्यावरही भाव बघत बसणं हे असमाधान विकत घेण्यासारखं आहे.

@ऐरोली_लोकल यांचा मुद्दा इथे लागू होतो. कार्पेट एरियाची सवय होते, प्रवासाची होत नाही. १०० चौरस फूट कमी आणि स्टेशन जवळ, हा सौदा बहुतेक वेळा बरा.

घर_शोधतोय

सह्यांची कल्पना जबरदस्त. धन्यवाद.

कृतज्ञ_कोपरी

धागाकर्त्याने लक्ष कशावर खिळतं या सवयीचा उल्लेख केलाय, त्यावर "तीन चांगल्या गोष्टी" हा सराव. सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेली रीत अशी: आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती का झाली ते लिहायचं. फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत तो लहानच आढळला, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. खर्च दहा मिनिटं आणि एक वही.

बहुतेक जण "का" हा भाग गाळतात आणि तिथेच सराव मरतो. "आई, आरोग्य, घर" अशी यादी तिसऱ्या रात्री पाठ होते. ती नोंद अशी हवी: "आज रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हणून वाद न घालता पुढच्या दुकानातून आणून दिले. का? मी आधी शांतपणे विचारलं, आणि त्यालाही घाई नव्हती." यात प्रसंग आहे, माणूस आहे, आपला वाटा किती तेही आहे.

आणि हे रोज वर्षभर करू नये. ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. पहिला आठवडा रोज, मग रविवारी एकदा, असा मेळ घालता येतो.

सकारात्मक_विचार

एवढं लिहिण्यापेक्षा रोज आरशासमोर "मी सुखी आहे, मी यशस्वी आहे" म्हणायचं. मन ऐकतं.

विवेकी_वाचक

@सकारात्मक_विचार, सगळ्यांचं मन ऐकत नाही. जोअॅन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगात ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी होता, त्यांना "मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे" असं वाक्य घोकून उलट जास्त वाईट वाटलं. आतून लगेच "कुठे रे?" असा प्रतिवाद येतो. ज्याला गरज जास्त, त्यालाच हा उपाय बाधतो, म्हणून तो सरसकट सांगू नये. त्याऐवजी नाकारता येणार नाही असं लहान वाक्य घ्या: "काल चुकलेला अर्ज आज दुरुस्त करून दिला."

बेलापूर_किल्ला

त्याच धर्तीवर गॅब्रिएल ओटिंगन यांचं काम आहे. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांत ज्या स्वतःला बारीक झाल्याच्या सुखद कल्पना जास्त रंगवत होत्या, त्यांचं वजन कमी उतरलं. कल्पनेतच मन निवांत होतं आणि हालचाल थांबते. त्यांची पर्यायी रीत चार पायऱ्यांची: इच्छा, ती पूर्ण झाल्यावरचं चित्र, माझ्या आतला अडथळा, आणि "असं झालं तर मी असं करीन" हा बेत. अडथळा बाहेरचा लिहून चालत नाही. "वेळ मिळत नाही" चूक. "जेवण झालं की फोन हातात येतो आणि दहा वाजतात" बरोबर. मग बेत निघतो: जेवण झालं की फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात आणि चप्पल पायात.

योगवर्ग_नौपाडा

समाधान म्हणजे आळस, अशी भीती काहींच्या मनात असते. योगातल्या पाच नियमांचा क्रम बघा: शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. संतोषाला लागूनच तप आहे. केलेल्या मेहनतीचं जे फळ मिळालं त्यावर तळमळायचं नाही, आणि मेहनत सोडायचीही नाही. वर्गात हे शिकवताना आसनातून सांगतो: पश्चिमोत्तानासनात हात आज घोट्यापर्यंत पोचले तर तिथेच पाच श्वास थांबायचं. ओढून बोटं पकडली तर कंबर आखडते, आणि "मला जमत नाही" म्हणून उठून बसलं तर उद्याही तिथेच.

साधा_डबा

पैशाचं काय? ठरावीक पगारानंतर सुख वाढत नाही म्हणतात.

आकडेमोड

@साधा_डबा, ते २०१० चं. काहनेमन आणि डीटन यांनी ७५,००० डॉलर वार्षिक उत्पन्नाच्या पुढे रोजची मनःस्थिती सुधारत नाही असं म्हटलं होतं. किलिंग्सवर्थ यांना २०२१ मध्ये वाढ थांबलेली दिसली नाही. मग काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन एकत्र आकडे तपासले आणि २०२३ मध्ये मांडलं की बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं, पण सगळ्यात दुःखी गटात साधारण १,००,००० डॉलरनंतर ते थबकतं. गरिबीचं दुःख पैशाने जातं, विरहाचं किंवा नैराश्याचं जात नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. अमेरिकेचे आकडे आहेत, रुपयांत गुणून घेऊ नका.

नेरुळ_ओपीडी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती आधी यायला हवी होती. दृष्टिकोनावर काम करण्यापूर्वी शरीर तपासा. थायरॉइड मंदावणं, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय, घोरण्यामुळे तुटणारी झोप, या सगळ्यांत माणूस उदास, निरुत्साही आणि चिडका दिसतो. शुद्ध शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२ या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. गोळीने जाणारी गोष्ट वहीने जात नाही.

मनाचा अंदाज घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ ही पाच वाक्यांची पट्टी सोपी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मी प्रसन्न होतो, शांत आणि निवांत होतो, उत्साही होतो, उठताना ताजंतवानं वाटलं, रोजच्या दिवसात रस वाटेल अशा गोष्टी होत्या. प्रत्येकाला ० (कधीच नाही) ते ५ (सतत). बेरीज गुणिले ४. ५० किंवा कमी आले तर तज्ज्ञाला भेटा. हे निदान नव्हे, धोक्याची घंटा आहे.

दोन आठवडे बहुतेक दिवस उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, मरणाचे विचार: यातलं काही असेल तर त्या माणसाला "समाधान मान" सांगू नका. त्याला स्वतःलाच दोषी वाटत असतं, त्यात भर पडते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ पासूनची संस्था आहे, नावाला बिचकू नका.

तलावपाळी

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवता येईल का?

माजिवडा_नाका

@नेरुळ_ओपीडी, मनापासून आभार. संपादकांना विनंती केली आहे.

माझा तिसरा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. परिस्थिती कधी बदलायची?

ऐरोली_लोकल

माझी कसोटी अशी. त्रास देणारी गोष्ट एका ओळीत लिहा आणि चार आठवडे दर रविवारी तिला ० ते १० मध्ये आकडा द्या. आकडा आपोआप उतरत असेल तर मन सरावतंय, थांबा. तेवढाच राहिला किंवा चढला तर ती न सरावणाऱ्यांपैकी आहे. मग बदलायचा खर्च मोजा, म्हणजे पैसे, वेळ आणि कुणाची नाराजी. आठवड्याला तासभर घालून सहा महिन्यांत बदलता येत असेल तर दृष्टिकोनावर वेळ घालवू नका. आणि मारहाण, धमकी, पैशाची फसवणूक असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही.

पांडवकडा

शेवटचं वाक्य ठळक करा.

चिंतातुर

दिवसा जमतं, पण रात्री अकरानंतर सगळे हिशेब डोक्यात सुरू होतात. त्यावर काय?

विवेकी_वाचक

@चिंतातुर, काळजीची वेळ ठरवा. बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये तपासलेली रीत आहे. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास, झोपण्याच्या किमान दोन तास आधी. दिवसभरात किंवा रात्री काळजी आली की एका शब्दात टिपायची ("फी", "बाबांचा रिपोर्ट") आणि त्या वेळेवर ढकलायची. त्या अर्ध्या तासात यादी घेऊन बसायचं. ज्यावर काही करता येईल त्यापुढे पहिली कृती आणि वार लिहायचा, बाकीच्यांवर काट.

पलंगावर बसून हे करू नका, नाहीतर पलंग आणि काळजी यांची जोडी जमते. आणि टिपायला फोन नको, एकदा उघडला की पुढचा तास गेला. उशाशी कागद आणि पेन्सिल पुरे.

मधली_आळी

निवृत्त मंडळींसाठी काही? त्यांना दृष्टिकोन बदला म्हटलं की राग येतो, आणि बरोबर आहे त्यांचं.

योगवर्ग_नौपाडा

@मधली_आळी, तिथे विचारांना हात लावू नये, दिवसाला आकार द्यावा. आठवड्याचा तक्ता, दिवसाचे तीन भाग. रोज एक काम "पार पडल्याचं" आणि एक "आवडीचं", दोन्हींपुढे संध्याकाळी ० ते १० गुण. पार पडल्याचं म्हणजे पेन्शनचं पासबुक भरून आणणं, नळाचा वायसर बदलून घेणं. आवडीचं म्हणजे कचराळी किंवा उपवन तलावाला फेरी, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत चालणं, हिवाळा-उन्हाळ्यात फ्लेमिंगो बघायला खाडीकाठी, नाहीतर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलणं. ते १८९३ पासून आहे. आठवड्यातून किमान दोन गोष्टी दुसऱ्या माणसाबरोबरच्या हव्यात.

उत्साह आला की जाऊ, असं म्हटलं तर कुणी जात नाही. वेळ झाली की निघायचं, उत्साह बहुतेक वेळा वाटेत येतो. तक्ता मुलांनी भरून देऊ नये, ज्याचा त्याने भरावा. पहिल्या आठवड्यात तीनच दिवस भरले तरी चालतील.

मधली_आळी

गुण कमी आले तर?

योगवर्ग_नौपाडा

दोन आठवडे सलग ३ च्या खाली असलेलं काम काढून दुसरं घालायचं. सगळ्याच कामांना तेवढेच कमी गुण येत असतील तर वर नेरुळ_ओपीडी यांनी दिलेली पट्टी भरून घ्या.